सगळ्यात चांगला डबा

अलार्मचा डबा सुंदर असू शकतो, हे वाक्य मी आजवर ज्या ज्या माणसासमोर उच्चारलं, त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग सहानुभूतीनं माझ्या बायकोकडे. बायको अशा वेळी खिडकीबाहेर बघते. तिला आता सराव झाला आहे.

डबा म्हणजे कोणता, ते आधी सांगतो. घरात चोर शिरला की बोंब मारणारं यंत्र बाहेरच्या भिंतीवर एका डब्यात बसवतात, तो. लोक आयुष्यभर त्याच्याखालून जा-ये करतात आणि मान वर करत नाहीत. मीही करत नव्हतो. मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात कामाला आहे. दिवसभर लोकांची बोलणी खाल्ल्यावर परत येताना आणखी माणसांचे चेहरे बघावेसे वाटत नाहीत, म्हणून मी भिंती बघत चालायचो. अशाच एका संध्याकाळी औषधाच्या दुकानावरच्या डब्यावर मला कुत्रा दिसला. भुंकणारा नव्हे, जांभई देणारा. चोरांना धाक बसावा म्हणून ज्या कुणी चित्रकारानं जांभई देणारा कुत्रा काढला, आणि ज्या कुणी साहेबानं तो मंजूर केला, त्या दोघांबद्दल मला एकदम माया दाटून आली.

तेव्हापासून मला दुसरं काही दिसेनासं झालं. तिकोनी डबे, षटकोनी डबे, पापण्यांचे केस मोजता येतील असा डोळा काढलेले डबे. त्या धंद्यातल्या कंपन्यांना जाहिरात करायला भिंतीवरचा डबा तेवढा असायचा, म्हणून जो तो आपला डबा वेगळा काढायचा आणि त्यात कुणाकुणाच्या डोक्यातून काय काय बाहेर पडायचं. मी फोटो काढून संग्रह करू लागलो. भंगारवाल्याकडून काही डबेही आणून पलंगाखाली ठेवले, पण भिंतीवरून उतरवलेल्या डब्यात राम राहत नाही. तो नुसता डबा होतो. शिवाय बायकोनं स्वच्छ सांगितलं होतं की पलंगाखाली आणखी एक डबा आला तर पलंगावर ती दिसणार नाही.

खरा खजिना आमच्याच इमारतीच्या दर्शनी भिंतीवर होता. त्याचं असं झालं, की पुष्कळ वर्षांपूर्वी समोरच्या इमारतीत चोरी झाली. चोरानं टीव्ही नेला आणि त्याबरोबर इस्त्री करायचं टेबल नेलं. टेबल का नेलं ते कुणालाच कळेना, आणि जे कळत नाही त्याची धास्ती जास्त. आमच्या इमारतीतल्या प्रत्येकानं लगोलग अलार्म बसवून घेतला. पण कुठल्या कंपनीचा, हे शेजाऱ्याला विचारायची कुणाची तयारी नव्हती. विचारलं तर आपल्याकडे चोरण्यासारखं काही आहे, हे शेजाऱ्याला कळलं असतं. त्यामुळे प्रत्येकाची कंपनी वेगळी आणि प्रत्येकाचा डबा वेगळा. अलार्म नव्हता तो फक्त चौथ्या मजल्यावर, आमच्याकडे. "आपल्याकडे चोर आला तर काय न्यावं ते त्याला सुचणार नाही," असं बायकोचं म्हणणं. "उगाच बसून राहील."

तळमजल्यावरच्या नर्सबाईंचा डबा पिवळा, तिकोनी, आणि त्यावर घुबड. उन्हानं त्याचा एक डोळा पार उडालेला, त्यामुळे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळा मारतंय असं वाटे. पहिल्या मजल्यावर दंतवैद्य. त्यांच्या डब्याचा आकार मूळचा मुकुटाचा, पण बसवणाऱ्यानं तो उलटा बसवला, त्यामुळे खालून हुबेहूब दाढ दिसे. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रोफेसरांच्या निळ्या डब्यावर साक्षात चोर होता, पट्ट्यांचा बनियन घातलेला, पाठीवर गाठोडं, आणि चेहऱ्यावर सहलीला निघाल्याचा आनंद.

तिसऱ्या मजल्यावरही एक डबा होता. त्याबद्दल मी कुणाशी बोलत नसे, कारण तो सेक्रेटरींचा होता.

आमचे सेक्रेटरी म्हणजे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. दोन गोष्टी एकमेकींसारख्या नसल्या की त्यांना पित्त होतं. जिन्यातल्या पायपुसण्यांचा रंग त्यांनी एक करून घेतला होता, पत्रपेट्यांवरची अक्षरं एका वळणाची करून घेतली होती. आता इमारतीला रंग द्यायचं ठरलं, आणि त्यांनी सूचना लावली की रंगाबरोबर दर्शनी भिंतीवरचे जुने डबे उतरवून त्याजागी एकसारखे नवे बसवण्यात येतील, रविवारच्या सभेत ठराव होईल. खाली प्रवेशद्वाराशी एका टेबलावर नव्या डब्याचा नमुना मांडून ठेवला. करडा, चौकोनी, त्यावर ना चित्र ना अक्षर. आमच्या ऑफिसातून ग्राहकांना जी उत्तरं जातात, ती डब्यात घालून पाठवायची झाली तर असाच डबा लागेल.

माझा जीव कासावीस झाला. मी ज्याला त्याला गाठून सांगू लागलो की हे डबे उतरले तर असले पुन्हा होणार नाहीत. सल्ल्याला तोटा नव्हता. नर्सबाई म्हणाल्या, "गप्प राहा. रंगाचं काम एकदा सुरू झालं की सेक्रेटरींना दुसरं काही सुचणार नाही." दंतवैद्य म्हणाले, "दुखत नाही तोवर हात लावू नका." ते सगळ्याच बाबतीत असं म्हणतात आणि दुखायला लागल्यावर भरपूर हात लावतात. प्रोफेसर म्हणाले की नगरपालिकेत जुन्या वस्तूंचं जतन करणारा विभाग आहे, तिथं अर्ज करा. आपण बरोबर येणार नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नगरपालिकेत गेलो. जतन विभागातल्या बाईंनी विचारलं, "वस्तू किती जुनी?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढी जुनी तर आमची खुर्ची आहे." डब्यावर चित्र आहे म्हटल्यावर त्यांनी मला फलक विभागात पाठवलं. तिथल्या गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून, रंगीत चित्र म्हणजे जाहिरात, आणि जाहिरात म्हणजे कर, मागच्या सगळ्या वर्षांचा. इमारतीचा पत्ता काय म्हणालात, असं त्यांनी पेन उघडत विचारलं. मी पत्ता विसरलो. खरोखर विसरलो, भीतीनं माणूस काहीही विसरतो. मग डबा आवाज करतो असं तोंडातून गेलं, आणि त्यांनी मला ध्वनी विभागात ढकललं. तिथं आवाजाबद्दल तक्रार करण्याची सोय होती. आवाज राहू द्या असं म्हणणारा माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता.

"आपलं म्हणणं नोंदवून घेतलंय," तिथला कारकून शेवटी म्हणाला. "योग्य तो विचार होईल."

हे वाक्य मी स्वतः रोज लोकांना देतो. ते ऐकायला इतकं गोड लागतं याची मला कल्पना नव्हती. मी त्याचे आभार मानले, हसतमुखानं जिना उतरलो आणि पार फाटकापर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्या हातात काहीही पडलेलं नाही. कारकून आपल्या कामात निष्णात होता, हे मान्य केलं पाहिजे.

मग मी ठरवलं की डबे निदान धुऊनपुसून त्यांच्या खऱ्या रूपात लोकांना दाखवावेत. नर्सबाई बाजारात गेल्या होत्या. रंगाऱ्याची शिडी भिंतीला टेकलेली होतीच. मी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन त्यांच्या खिडकीवरच्या छज्ज्यावर चढलो आणि घुबडाचं तोंड पुसू लागलो. कपाळ झालं, चोच झाली, आणि उरलेल्या डोळ्यावर जरा जोर दिला तसं घुबड ओरडायला लागलं.

आवाज किती मोठा असावा याबद्दल त्या कंपनीनं अजिबात काटकसर केलेली नव्हती. माझ्या हातून बादली सुटली. मी खाली बघतो तो रंगारी माझी, म्हणजे त्याची, शिडी खांद्यावर टाकून मागच्या बाजूला निघालेला. मी हाका मारल्या, पण घुबडापुढे माझा काय पाड लागणार. मदतीला कोण धावतं ते मी बघत राहिलो. इमारतीतल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. आवाजाचा त्रास नको म्हणून. खरा चोर असता तर त्याला अतिशय निवांतपणे काम करता आलं असतं.

छज्जा मोठी विचित्र उंची गाठून होता. उडी मारावी इतका खाली नव्हता आणि प्राणाची याचना करावी इतका वर नव्हता. अशा ठिकाणी फडकं हातात घेऊन बसलेल्या माणसाला प्रतिष्ठा टिकवणं जड जातं. मी पाय खाली सोडून, सहज वारा खायला बसल्यासारखा बसलो. तेवढ्यात सेक्रेटरी आले.

"काय करताय वर?" त्यांनी कानांवर हात ठेवून विचारलं.

"बघतोय," मी ओरडलो.

"मीही तेच बघतोय. डबा बोंबलतोय आणि एक माणूस बाहेर आलं नाही. नवा डबा बोंबलत नाही. परस्पर कंपनीला कळवतो." आणि एवढं बोलून, शिडीबद्दल चकार शब्द न काढता, ते निघून गेले.

नर्सबाई आल्या, त्यांनी आत जाऊन घुबड गप्प केलं आणि बाहेर येऊन वर पाहिलं. माझ्याकडे नव्हे, डब्याकडे. ओल्या पिवळ्या रंगावर ऊन पडलं होतं. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे डोळा मारतंय होय? मी इतकी वर्षं याच्याखालून जातेय."

"बाई," मी छज्ज्यावरून म्हणालो, "या इमारतीतला सगळ्यात चांगला डबा तुमचा आहे."

त्या चक्क लाजल्या. मग मागच्या बाजूला जाऊन रंगाऱ्याकडून शिडी हिसकावून घेऊन आल्या आणि मला उतरवून चहा पाजला. चहा पिताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोकांना इतिहास नको होता, कला नको होती. आपल्याकडे आहे ते शेजाऱ्यापेक्षा सरस आहे, एवढं कुणीतरी जाणकारानं सांगायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी मी दंतवैद्यांना खाली रस्त्यावर नेऊन त्यांची दाढ दाखवली. "जगात कुठल्याही दंतवैद्याकडे असा डबा नसेल," मी म्हणालो. "इमारतीतला सगळ्यात चांगला तुमचा." त्यांनी नकळत स्वतःच्या गालावरून हात फिरवला. प्रोफेसरांना मी म्हणालो, "चोराला आनंदी दाखवण्याची हिंमत फक्त तुमच्या डब्यात आहे." ते म्हणाले की हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. आलेलं नव्हतं, पण मी मान डोलावली. घरटी मी हेच सांगत गेलो, आणि प्रत्येकाला बजावलं की हे कुठं बोलू नका, बाकीच्यांना वाईट वाटेल. प्रत्येकानं बाकीच्यांची मनापासून कीव करत कबूल केलं.

तिसऱ्या मजल्यावर तेवढा मी थांबलो नाही.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. माझा चेहरा जग जिंकल्यासारखा झाला असावा, कारण ती हातातलं काम ठेवून समोर येऊन बसली.

"म्हणजे सगळ्यांना तुम्ही एकच सांगितलंत."

"हो. पण वेगवेगळं गाठून."

"आणि रविवारी सभेत सगळे एकत्र बसणार."

रात्री मला घुबडं दिसली.

सभा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. मधोमध टेबल, त्यावर करडा डबा. सेक्रेटरींनी ठराव वाचला आणि कुणाला काही बोलायचंय का, असं कुणी बोलणार नाही अशा आवाजात विचारलं. नर्सबाई उभ्या राहिल्या.

"सगळे काढा," त्या म्हणाल्या. "माझी ना नाही. माझा तेवढा राहू द्या."

"एखादा जुना नमुना म्हणून ठेवायचाच असेल," दंतवैद्य म्हणाले, "तर मला वाटतं तो कुठला असावा हे उघड आहे."

"उघड आहेच," प्रोफेसर म्हणाले. "निळा."

त्यानंतर कोण काय बोललं ते सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. प्रत्येकाचं म्हणणं मात्र एकच होतं की इतरांचे डबे बिनदिक्कत उतरवावेत. त्या गदारोळात नर्सबाईंचा आवाज चढला, "तुमच्या दाढेला कोण चांगलं म्हणालं हो?" दंतवैद्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग नर्सबाईंनी पाहिलं. मग प्रोफेसरांनी. हळूहळू सभेतली यच्चयावत मान माझ्याकडे वळली. बायको खिडकीबाहेर बघू लागली. जिन्याखाली खिडकी नाही.

सेक्रेटरी मात्र खुलले. "या, पुढं या," ते म्हणाले. "तुम्ही यातले जाणकार. आता सगळ्यांसमोर सांगून टाका, इमारतीतला सगळ्यात चांगला डबा कोणता. तेवढा आपण ठेवू. बाकीचे उतरवू. मग तर झालं?"

माणसानं मला पुरतं कोंडीत पकडलं होतं. एकाचं म्हटलं की बाकीचे भंगारात, आणि त्यांचे मालक जन्मभराचे वैरी. मी तक्रार विभागातलं ठेवणीतलं वाक्य काढलं. "सर्वांचं म्हणणं लक्षात घेता, योग्य तो..."

"कोणता?" सेक्रेटरी म्हणाले.

मी टेबलावरच्या करड्या डब्याकडे पाहिलं. उद्या भिंतीवर हाच ओळीनं दिसणार, आणि ऑफिसातून येताना मान वर करायला काही कारण उरणार नाही. एकदम मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर मला खोटं बोलता येत नाही. हा माझ्या नोकरीतला मोठाच अडथळा आहे.

"तुमचा," मी म्हणालो.

"माझा काय?"

"डबा. सगळ्यात चांगला तुमचा आहे. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे. तुमचा आहे म्हणून बोललो नाही."

सेक्रेटरींनी मागं वळून पाहिलं, जणू तो त्यांच्या पाठीशीच टांगलेला होता. "त्याच्यावर काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

म्हणजे यांनीही कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना हाताला धरून रस्त्यावर नेलं. मागोमाग सगळी सभा आली. तिसऱ्या मजल्यावर तो होता. गोल, लालभडक, आणि त्यात मान ताणून, छाती काढून, सगळ्या गल्लीला उठवायला निघालेला कोंबडा. पण खरी गंमत तुऱ्याची. तुरा वर्तुळात मावलेला नव्हता. तो डब्याच्या कडेबाहेर आला होता, आणि त्याच्यासाठी अख्ख्या डब्याचा पत्रा वरच्या बाजूला तुऱ्याच्या आकाराचा कापलेला होता.

"तुरा बाहेर का आलाय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कोंबडा मोठा झाला असेल," मी म्हणालो. "लहान काढला असता तर गोल डब्यात बसला असता. पण कुणालातरी तो लहान करवला नाही. त्यानं डबा बदलला."

सेक्रेटरी मान वर करून उभे राहिले. त्यांची मान ताणलेली, छाती पुढे. सारखेपणा सगळ्यांच्याच लक्षात आला, पण कुणी बोललं नाही. आमच्या इमारतीत तेवढी रीतभात आहे.

"आमच्या कारखान्यात एक कापणारा होता," ते म्हणाले. "जाड्या पोरांच्या सदऱ्याला गुपचूप जास्त कापड सोडायचा. मी दर वेळी त्याला झापायचो." आणि पुन्हा वर बघू लागले.

"म्हणजे सेक्रेटरींचा तेवढा राहणार," मागून प्रोफेसर म्हणाले. "आणि आमचे भंगारात."

"स्वतःच ठराव आणायचा आणि स्वतःचाच वगळायचा," दंतवैद्य म्हणाले. "छान आहे."

सेक्रेटरींनी एकदा कोंबड्याकडे पाहिलं, एकदा जमावाकडे. जन्मात कुणी त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला नव्हता. कोंबडा उतरवायला त्यांचा हात धजत नव्हता, आणि एकट्या कोंबड्याला ठेवणं तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "माझा राहणार असेल तर सगळ्यांचे राहतील. ठराव मागे."

मी आयुष्यात कधी मिरवणुकीत पुढे चाललेलो नाही, पण त्या दिवशी रस्त्यावरून जिन्यापर्यंतची पावलं मी तशीच टाकली. बाकीच्यांनी मला सोडलं नाही, हे खरं. नर्सबाईंनी तोंडावर खोटारडा म्हटलं. मी त्यांना सांगितलं की मी खोटं बोललो नव्हतो. ज्याच्या त्याच्या डब्याखाली उभा असताना मला तोच सगळ्यात चांगला वाटला होता, अगदी मनापासून. हे त्यांना पटलं नाही, पण चहा मिळाला.

रंगारी आता कपाळावर आठ्या घालून प्रत्येक डब्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवतो. दंतवैद्यांना मी त्यांची दाढ मुळात मुकुट आहे हे सांगून टाकलं, तर त्यांनी तो सरळ करायला साफ नकार दिला. रविवारी सकाळी मी हात मागे बांधून रस्त्यावर उभा राहिलो की खिडक्या उघडतात, आणि जो तो मी कुठं बघतोय ते बघतो. तिसऱ्या मजल्यावर एक हात ओलं फडकं घेऊन बाहेर येतो आणि तुरा पुसतो.

काल संध्याकाळी सेक्रेटरी आमच्या दारात आले. काखेत करडा डबा होता. कंपनी नमुना परत घेत नाही म्हणाले.

"तुमच्याकडे एकही नाही," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "भिंतीवर तेवढीच जागा रिकामी दिसते. बरं दिसत नाही."

रंगाऱ्यानं तो आज आमच्या खिडकीवर बसवला. आत यंत्र नाही, नुसता डबा. बायको माझ्याबरोबर खाली रस्त्यावर आली. पहिल्यांदाच आली. तिनं घुबडापासून सुरुवात करून दाढ, चोर, कोंबडा असं एकेक नीट पाहिलं आणि शेवटी आमच्या करड्या चौकोनापाशी थांबली.

"आणि हा कसा आहे म्हणायचा?" तिनं विचारलं.

मी पुष्कळ वेळ पाहिलं. अख्ख्या भिंतीवर तसला दुसरा नव्हता.

"सगळ्यात चांगला," मी म्हणालो.